निसर्गाच्या तराजूत सर्व जीव सारखेच काय?

नागपंचमीच्या दिवशी महाराष्ट्रातील पुष्कळ शेतकरी घरी नांगर धरीत नाहीत व जमीन खणीत नाहीत. जमिनीतील जिवाला त्या दिवशी इजा पोहोचू नये, ही त्यामागील भावना. पण श्रावणातला तो दिवस मावळून दुसरा उजाडला की तोच शेतकरी फवारणीचा पंप पाठीला अडकवून कपाशीत उतरतो आणि दुपारपर्यंत हजारो किडी मारून घरी परततो. या दोन्ही गोष्टी तो सारख्याच मनापासून करतो. त्यात ढोंग आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. वस्तुतः शेतीचा धंदाच असा आहे की, जीव जगविणे आणि जीव मारणे ही दोन्ही कामे त्यात एकाच हाताला करावी लागतात.

यामुळेच एक प्रश्न शेतकऱ्याला इतरांपेक्षा अधिक जवळचा आहे. निसर्गाच्या समतोलात सर्व जिवांचे मोल सारखेच आहे काय? या प्रश्नाची दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले उत्तर असे की, मुंगीपासून हत्तीपर्यंत प्रत्येक जीव सारख्याच मोलाचा असून कोणालाही मारण्याचा अधिकार मनुष्याला नाही. दुसरे उत्तर असे की, पिकाला व माणसाला उपयोगी पडेल तेवढाच जीव राखावा. बाकीचे जितके कमी होतील तितके बरे. पहिले उत्तर ऐकावयास उदात्त आहे, पण त्याप्रमाणे एक हंगामही शेती करता येणार नाही. दुसरे व्यवहारी दिसते, पण त्याप्रमाणे वागून अनेक ठिकाणी माणसाने आपलेच मोठे नुकसान करून घेतले आहे. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, आणि ती कोठे अपुरी पडतात हे पाहणे शेतकऱ्याच्या हिताचे आहे.

निसर्ग एका मापाने मोजीत नाही

समतोल हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे तराजू उभा राहतो. दोन पारडी, मध्ये काटा आणि काटा स्थिर. निसर्गातील समतोल असा स्थिर कधीच नसतो. तो क्षणोक्षणी मोडत असतो व क्षणोक्षणी सावरला जात असतो. हे सावरण्याचे काम कसे चालते हे समजण्यासाठी साधा हिशेब पुरे आहे.

हिरव्या बोंडअळीच्या पतंगाची एक मादी आपल्या थोड्या दिवसांच्या आयुष्यात कित्येक शे अंडी घालते. ती ५०० अंडी घालते असे धरावे. पुढच्या पिढीत या किडीची संख्या होती तेवढीच राहावयाची असेल, तर त्या ५०० पैकी केवळ दोन जीव मोठे होऊन त्यांनी वंश चालविला पाहिजे. उरलेल्या ४९८ जिवांनी वाटेतच मेले पाहिजे. त्यांपैकी काही अंड्यांत ट्रायकोग्रामा ही डोळ्यांना जेमतेम दिसणारी माशी आपले अंडे घालते आणि अळी जन्मापूर्वीच संपते. काही अंडी ढालकिडे व क्रायसोपाच्या अळ्या फस्त करतात. वाचलेल्या अळ्यांपैकी कित्येक कोळ्यांच्या, मुंग्यांच्या, साळुंक्यांच्या व कोतवालांच्या तोंडी जातात. काहींना विषाणूंचा किंवा बुरशीचा रोग होतो, काही पावसाने वाहून जातात. या ४९८ मरणांचे मिळून जे काही होते त्यालाच समतोल म्हणावयाचे. ५०० पैकी दोनच्या जागी चार जगले, तर प्रत्येक पिढीत कीड दुप्पट होत जाईल आणि थोड्याच पिढ्यांत पीक हाती लागणार नाही.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, प्रत्येक जीव सारखाच मौल्यवान मानण्याचा नियम निसर्गाने स्वतः कधी पाळलेला नाही. तो हजारो जीव उधळतो तेव्हा कोठे एखाददुसरा जगतो. समतेची भावना ही माणसाच्या मनाची थोरवी आहे आणि ती माणसाने जपावी हे योग्यच. पण ती निसर्गातून शिकलेली नाही. दुसरी गोष्ट अशी की, ज्यांच्याकडून ही ४९८ मरणे घडतात त्या सर्वांचे काम सारखे नसते. एखाद्या जिवाची जागा दुसरा सहज भरून काढतो. एखाद्याची जागा रिकामी झाली की ती रिकामीच राहते.

अमेरिकेतील प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहे. समुद्रकाठच्या खडकांच्या एका पट्ट्यातून त्यांनी तारामासा हा एकच प्राणी सतत वेचून दूर टाकला. बाकी कशालाही हात लावला नाही. तारामासा ज्या शिंपल्यांवर जगत असे त्या शिंपल्या पाहता पाहता वाढल्या, त्यांनी खडकावरील जागा व्यापली, आणि तेथे पूर्वी राहत असलेल्या १५ जातींपैकी ८ च उरल्या. कमानीचे सगळेच दगड दगड असतात; पण माथ्यावरचा मधला दगड काढला तर कमान उभी राहत नाही. जिवांच्या समाजातही असे काही माथ्यावरचे दगड असतात. अडचण एवढीच की ते आकारावरून, रूपावरून किंवा संख्येवरून ओळखता येत नाहीत.

गिधाडांचा धडा

असा एक दगड भारतात निखळला, आणि तो ज्यांच्या हातून निखळला त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

१९८० च्या सुमारास आपल्या देशात गिधाडांची मुळीच वाण नव्हती. गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की गिधाडांचा थवा उतरे आणि तास-दीड तासात सांगाडा तेवढा शिल्लक राही. गिधाड हा दिसावयास किळसवाणा पक्षी. त्याचे घरावर बसणे लोक अशुभ मानीत. कोणत्याही पिकाशी त्याचा संबंध दिसत नसे. 'या पक्ष्याचे मोल काय?' असा प्रश्न त्या वेळी कोणी गावात विचारला असता, तर काहीच नाही, असेच उत्तर बहुतेकांनी दिले असते.

१९९० नंतर हे पक्षी झपाट्याने मरू लागले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या १५ वर्षांत इतकी घटली की, पूर्वी जेथे हजार होती तेथे एक उरले. लांब चोचीच्या व निमुळत्या चोचीच्या गिधाडांचीही शंभरात जेमतेम तीन उरली. याचे कारण २००४ मध्ये उघडकीस आले. जनावरांच्या अंगदुखीवर, सुजेवर व तापावर डायक्लोफेनॅक हे स्वस्त औषध सर्रास दिले जात होते. औषध दिल्यावर थोड्याच काळात जनावर मेले, तर त्याच्या मांसात औषधाचा अंश राहतो. ते मांस गिधाडाने खाल्ले की त्याची मूत्रपिंडे निकामी होतात व ते काही दिवसांत मरते. सर्व गिधाडे संपावयास सर्व मृत जनावरांत औषध असावे लागते असेही नाही. मोकळ्यावर पडलेल्या शंभर जनावरांत एकाहूनही कमी जनावर विषारी असले, तरी एवढा संहार होऊ शकतो असे गणिताने दिसून आले. कारण एकाच जनावरावर पुष्कळ गिधाडे एकत्र जेवतात.

पुढे जे घडले ते अधिक गंभीर आहे. मृत जनावरे उघड्यावर सडू लागली, पाण्यात घाण जाऊ लागली आणि त्या मांसावर भटकी कुत्री वाढली. कुत्र्यांबरोबर पिसाळी रोगाचे भय वाढले. अर्थशास्त्रज्ञ एयाल फ्रँक व अनंत सुदर्शन यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २००० ते २००५ या काळात गिधाडे नाहीशी झाल्यामुळे देशात दरवर्षी सुमारे १ लाख माणसे अधिक दगावली असा अंदाज केला आहे. ज्या पक्ष्याचे मोल शून्य धरले होते त्याचे मोल माणसांच्या जिवांत मोजावे लागले.

या प्रकरणातील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. गिधाडांचा नाश कोणाच्या क्रौर्याने झाला नाही. दावणीच्या आजारी बैलाच्या वेदना थांबाव्यात या दयेपोटीच मालकाने त्याला औषध दिले. दया ही मोठी गोष्ट खरी, पण दयेला माहितीची जोड नसेल तर एका जिवाला दिलेला आधार दुसऱ्या जिवाच्या मुळावर येतो. सर्व जीव सारखे, एवढे म्हणून येथे भागत नाही. कोणते काम कोणता जीव करतो हेही जाणावे लागते.

जनावरांसाठी डायक्लोफेनॅकचा वापर २००६ मध्ये बंद करण्यात आला. माणसांसाठी निघणाऱ्या मोठ्या कुप्या जनावरांना टोचल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये ३ मिलिलिटरपेक्षा मोठ्या कुपीवर बंदी आली. गिधाडांना तितकीच घातक असलेली किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक ही औषधे २०२३ मध्ये जनावरांसाठी बंद झाली. गिधाडांना निर्धोक असे मेलॉक्झिकॅम हे औषध उपलब्ध आहे. तरीही गिधाडे पूर्ववत होण्यास फार काळ जावा लागेल, कारण गिधाडाची मादी वर्षातून एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यावयास सुमारे पाच वर्षे लागतात. मावा एका हंगामात पुन्हा भरून निघतो. गिधाड एका पिढीत भरून निघत नाही. मोलाचा विचार करताना हा भेद फार महत्त्वाचा आहे. जो जीव सावकाश वाढतो त्याची हानी महाग पडते.

उसावरील लोकरी मावा

गिधाड निदान डोळ्यांना दिसणारा मोठा पक्षी आहे. ज्यांचे नावही कोणाला ठाऊक नाही अशा जिवांचे मोल कसे कळून येते, याचे उदाहरण महाराष्ट्रातील ऊस-उत्पादकांनी स्वतः अनुभवले आहे.

२००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांच्या खालच्या बाजूस कापसासारखी पांढरी कीड दिसू लागली. हाच लोकरी मावा. तो पानातील रस शोषी, त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या चिकट पदार्थावर काळी बुरशी धरे आणि पाने काळी पडत. थोड्याच काळात तो शेजारच्या जिल्ह्यांत व कर्नाटकात पसरला. या किडीची मादी नराशिवायच पिल्लांना जन्म देते, त्यामुळे वाढीला धरबंध राहिला नाही. प्रथम फवारण्यांचा मार्ग अवलंबिला गेला. पण आठ-दहा महिन्यांचा ऊस माणसाच्या डोक्याहून उंच व दाट असतो. त्यात शिरून प्रत्येक पानाच्या खाली औषध पोहोचविणे जवळजवळ अशक्य असते.

अशा वेळी मदतीला आले ते दोन क्षुद्र कीटक. डिफा नावाच्या एका लहान पतंगाची अळी मावा खाऊनच जगते. मायक्रोमस या जाळीदार पंखांच्या किडीची अळीही तेच करते. हे दोन्ही जीव आपल्याच मुलखातले. लोकरी मावा येण्यापूर्वी त्यांच्याकडे ढुंकून पाहण्याचे कारण कोणाला पडले नव्हते. कृषी विद्यापीठे, संशोधन संस्था व साखर कारखाने यांनी हे मित्रकीटक शेडनेटमध्ये वाढवून शेतकऱ्यांना दिले. जेथे शेतकऱ्यांनी फवारणी आवरती घेतली तेथे ते वेगाने वाढले. पुढे ईशान्य भारतातील एन्कार्शिया ही माव्यावर जगणारी सूक्ष्म माशीही आणून सोडण्यात आली. या सर्वांच्या कामामुळे लोकरी मावा आटोक्यात आला.

येथे एक प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. २००१ मध्ये कोणी डिफाची अळी शेतकऱ्याला दाखवून 'ही ठेवावी की मारावी?' असे विचारले असते, तर काय उत्तर मिळाले असते? अळी म्हटली की मारावयाची, हेच उत्तर बहुधा मिळाले असते. तेव्हा ज्याचे मोल ठाऊक नाही त्याचे मोल शून्य धरू नये, हा या प्रकरणाचा बोध होय. अनोळखी जीव म्हणजे निसर्गाच्या कोठारातील राखीव बियाणे. ते कोणत्या वर्षी उपयोगी पडेल हे आधी सांगता येत नाही.

एका बाजूचा हिशेब

व्यापारी जमा आणि खर्च अशा दोन बाजू लिहितो. जिवांच्या बाबतीत मात्र मनुष्य पुष्कळदा खर्चाचीच बाजू लिहितो आणि वही मिटतो.

चीनमध्ये १९५८ साली चार उपद्रवी जीव नष्ट करण्याची देशव्यापी मोहीम निघाली. उंदीर, माश्या व डास यांच्या जोडीला चौथी होती चिमणी. चिमणी धान्य खाते हा आरोप खोटा नव्हता. लाखो लोकांनी थाळ्या बडवून चिमण्यांना टेकू दिले नाही, घरटी मोडली, अंडी फोडली. पण चिमणी आपल्या पिल्लांना अळ्या व किडे भरविते, ही जमेची बाजू कोणी लिहिलीच नव्हती. चिमण्या गेल्यावर टोळ व इतर किडी वाढल्या आणि १९६० मध्ये चिमणीचे नाव यादीतून काढून तेथे ढेकणाचे नाव घालावे लागले. त्या वर्षांत चीनमध्ये जो भीषण दुष्काळ पडला त्याची कारणे अनेक होती व राज्यकारभाराच्या चुका त्यांत मुख्य होत्या; तथापि चिमण्यांच्या नाशाने पिकांच्या हानीत भर पडली.

भारतातही असाच एकेरी हिशेब बेडकांच्या बाबतीत झाला. परदेशात बेडकांच्या तंगड्यांना चांगला भाव येई, म्हणून पावसाळ्यात भातखाचरांतून बेडूक पकडून तंगड्या निर्यात होत. परकीय चलन मिळे. पण खाचरातील किडे व डासांची पिल्ले खाणारा पहारेकरी त्यामुळे कमी होत होता. १९८७ मध्ये ही निर्यात बंद करण्यात आली.

फळे खाणाऱ्या वटवाघळाची कथाही यापेक्षा वेगळी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उपद्रवी प्राण्यांची एक स्वतंत्र यादी होती, आणि उंदीर व कावळा यांच्या पंक्तीला या वटवाघळालाही बसविले होते. चिकू-पेरूच्या बागेत ते नुकसान करते हे खरे. परंतु मोहासारख्या झाडांची फळे खाऊन त्यांच्या बिया दूरवर टाकणारा व रात्री उमलणाऱ्या फुलांचे परागीकरण करणारा प्राणीही तोच. २०२२ च्या दुरुस्तीने ती कायमची यादी कायद्यातून गेली. आता एखाद्या प्राण्याला उपद्रवी ठरवावयाचे झाल्यास केंद्र सरकारला विशिष्ट क्षेत्रापुरते व विशिष्ट मुदतीपुरते तसे जाहीर करावे लागते. हा बदल विचार करण्यासारखा आहे. कोणताही जीव जन्मतः उपद्रवी नसतो. ठराविक ठिकाणी, ठराविक वेळी व ठराविक संख्येत तो उपद्रवी होतो.

शेताच्या बांधावरच्या धामणीला, गव्हाणी घुबडाला व कोळ्याला हाच न्याय लावला पाहिजे. धामण बिनविषारी असून उंदरांच्या बिळात शिरून त्यांना खाते. घुबडाचे तोंड पाहू नये म्हणतात. पण धान्याच्या कणगीजवळ वस्तीला असलेले घुबड रात्रभर जागून मालकाचेच काम करीत असते.

परक्या मुलखात आलेले जीव

याचा अर्थ प्रत्येक जीव जेथे असेल तेथे राखावा, असा मात्र नाही. जिवाचे मोल त्याच्या जागेवर अवलंबून असते.

गाजरगवत अमेरिका खंडात आपल्या शत्रूंच्या वेढ्यात वाढते. तेथे ते एक साधे गवत आहे. १९५५ मध्ये ते पुण्यात प्रथम दृष्टीस पडले. येथे त्याला खाणारे कोणी नव्हते. बघता बघता त्याने देशभरातील पडीक जमिनी, रस्त्यांच्या कडा व शेते व्यापली, गुरांचा चारा हटविला आणि माणसांना त्वचेचे व श्वासाचे विकार जडविले. १९८४ मध्ये मेक्सिकोतून आणलेले भुंगे त्यावर सोडण्यात आले. ते पावसाळ्यात गाजरगवताची पाने खाऊन त्याचा जोर कमी करतात. फड्या निवडुंगाने दक्षिण भारतात असाच धुमाकूळ घातला होता. १९२६ मध्ये श्रीलंकेतून आणलेल्या कोचिनील किड्यांनी त्याचा मोठ्या प्रमाणावर नाश केला. मक्यावरील लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात अशीच बाहेरून आली आणि तिने त्याच वर्षी महाराष्ट्रात प्रवेश केला.

गाजरगवत फुलोऱ्यापूर्वी उपटून टाकणाऱ्याने निसर्गाचा अपराध केला असे कोणी म्हणणार नाही. उलट येथील शेकडो गवतांना व त्यांवर जगणाऱ्या जिवांना त्याने मोकळी जागा मिळवून दिली. सर्व जीव समान आहेत, हे तत्त्व येथे शब्दशः लागू केले तर एका परक्या गवतासाठी घरच्या शेकडो जातींचा बळी जाईल.

भार कोणी सोसावा?

या चर्चेत एक बाजू पुष्कळदा बोलली जात नाही. शहरात बसून वन्य जिवांच्या समानतेविषयी बोलणे सोपे आहे. रानडुकरांच्या कळपाने एका रात्रीत भुईमूग उकरून टाकला किंवा रोह्यांनी हरभरा चरून संपविला, तर त्या कुटुंबाचे वर्षाचे गणित मोडते. अशा घरातील माणसाला निसर्गाच्या समतोलाचा उपदेश करणे हे जखमेवर मीठ चोळणे होय. वन्य प्राण्यांचा लाभ सर्व समाजाला होतो. मग त्यांच्या पोषणाचा खर्च रानालगतच्या एकट्या शेतकऱ्याच्या माथी का पडावा? पिकाच्या नुकसानभरपाईची तरतूद याच न्यायाने केलेली आहे. तिचा पंचनामा वेळेवर झाला आणि रक्कम वेळेवर हाती पडली, तरच तिचा हेतू सफल होईल. तो विलंब लागला की वन्य जिवाविषयीची आस्था प्रथम त्या शेतकऱ्याच्या मनातून जाते, आणि एकदा ती गेली की कायद्याने परत आणता येत नाही.

मात्र संताप कितीही रास्त असला तरी कुंपणाच्या तारेत विजेचा थेट प्रवाह सोडण्याचा मार्ग कोणीही धरू नये. ती तार रानडुक्कर, वाघ, शेजाऱ्याची गाय आणि घरचा मुलगा यांत भेद करीत नाही. सौर कुंपणाचा क्षणिक झटका प्राण्याला पिटाळतो, मारीत नाही.

आणि जिवांच्या मोलाचा विचार करताना खुद्द शेतकऱ्याचा व शेतमजुराचा जीव विसरून चालणार नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात जावे लागले. त्या वर्षी बोंडअळीच्या धास्तीने औषधांवर औषधे मिसळून मारली जात होती. किडीला व मित्रकीटकाला एकाच मापाने मारणारे विष फवारणाऱ्यालाही त्याच मापाने मोजते. दुसऱ्या जिवांचे मोल शून्य धरण्याची सवय शेवटी माणसाच्या स्वतःच्या मोलावर येऊन ठेपते ती अशी.

शेतात काय करावे?

मग प्रश्नाचे उत्तर काय? सर्व जिवांचे काम सारखे नाही, म्हणून निसर्गाच्या समतोलात त्यांचे मोलही सारखे नाही. परंतु कोणाचे किती, हे मनुष्याला फार थोडे कळते, आणि पुष्कळदा नुकसान झाल्यानंतर कळते. यास्तव शेतकऱ्याने पिकाच्या रक्षणासाठी मारण्याचा आपला हक्क सोडू नये. मात्र तो वापरताना हात राखून वापरावा.

हात राखून म्हणजे कसा? प्रथम ओळख पटवावी. पानावर दिसणारा प्रत्येक किडा शत्रू नसतो. ढालकिड्याची काळपट, काटेरी अळी पाहून पुष्कळजण घाबरतात. वस्तुतः ती माव्याचा काळ असते. दुसरे, किडीची मोजणी करावी. कीड दिसली म्हणजे फवारावयाचे असे नसून ती आर्थिक नुकसानीच्या पातळीस पोहोचली म्हणजे फवारावयाचे. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडणे, किंवा शंभरात दहा फुले वा बोंडे किडलेली आढळणे, ही ती पातळी होय. त्याखाली कीड असेल तर ती राहू द्यावी. मित्रकीटकांनाही जगावयास काही खाद्य लागतेच. शत्रू अगदी निपटून काढला तर पहारेकरी उपाशी मरतात आणि पुढच्या वेळी शत्रू येतो तेव्हा शेत मोकळे असते.

तिसरे, निसर्गातील मारेकऱ्यांना आधी संधी द्यावी. ट्रायकोकार्ड, पक्षिथांबे, कपाशीच्या कडेला मका, चवळी किंवा झेंडूची ओळ, हे उपाय कमी खर्चाचे आहेत. चौथे, फवारणी करावीच लागली तर नेमक्या किडीवर नेमके औषध शिफारशीच्या मात्रेत वापरावे, दोन-तीन औषधांचे मिश्रण मनाने करू नये, हातमोजे व तोंडावर आच्छादन असल्याशिवाय पंप उचलू नये आणि फुलोऱ्यातील पिकावर सकाळी मधमाश्या फिरत असताना फवारू नये. पाचवे, जनावराच्या दुखण्यावर पशुवैद्याच्या सल्ल्यावाचून वेदनाशामक टोचू नये. औषधोपचार चालू असता मेलेले जनावर उघड्यावर न टाकता खोल पुरावे.

यांतील कोणतीही गोष्ट दयेच्या विरुद्ध नाही आणि व्यवहाराच्याही विरुद्ध नाही. नागपंचमीला नांगर न धरणाऱ्या पूर्वजांनी प्रत्येक जिवाचे काम शोधून काढले होते असे नव्हे. परंतु पायाखालच्या जमिनीत आपणास न दिसणारे पुष्कळ काही चालू असते, एवढे भान त्यांनी वर्षातून एक दिवस तरी जागे ठेवले. इंग्लंडमधील चार्ल्स डार्विन यांनी १८८१ मध्ये गांडुळांवर ग्रंथ लिहिला. तेथील पुष्कळ भागांत एकरी १० टनांहून अधिक माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाते, असे त्यांनी त्यात हिशेब करून दाखविले. ज्याला जीव म्हणूनही कोणी मोजीत नव्हते असा तो मुका नांगऱ्या माणसाच्या नांगराच्या कितीतरी आधीपासून राबत होता.

त्या एका दिवसाचे भान उरलेल्या दिवसांत शेताच्या कामात उतरावे, एवढेच मागणे आहे. पंप पाठीला लावण्यापूर्वी शेतकरी बांधवाने बांधावर घटकाभर थांबून दहा पाने उलटून पाहिली, त्यांवर मारणारे किती व खाणारे किती याची मोजदाद केली, आणि मग निर्णय घेतला, तर निसर्गाचा तराजू त्याच्या हातून सहसा बिघडणार नाही.